काठोकाठ पेला

नारीनच्या डोंगरात पाहुण्याला चहा अर्धा पेलाच ओततात. पेला काठोकाठ भरला, की त्यानं समजावं, आता उठा.

बायकांच्या विकासासाठी गालिचे करायचं यंत्र घेऊन आलेल्या परदेशी साहेबांना बुरूल मघापासून अर्धा अर्धा पेला ओतत होती.

“घर तुझ्या नवऱ्याच्या नावावर, म्हणून यंत्रही त्याच्याच. त्यानं सही केली, की यंत्राचं कुलूप काढू,” साहेब म्हणाले.

“अहो, तो चार वर्षं झाली मॉस्कोत मजुरी करतोय. गालिचे तर मी करते!”

“नियम आहे, ताई.”

बुरूलनं पेला काठोकाठ भरला आणि त्यांच्यापुढे आदळला.

साहेबांनी तो मिटक्या मारत संपवला आणि ते सोबत आलेल्या सहकाऱ्याला म्हणाले, “लिहून घ्या, योजनेवर बायका एकदम खूश आहेत.”