दोन पाण्यांच्या उंबरठ्यावर

ब्राझीलमधल्या मनाउस शहराजवळ काळी नदी आणि मातकट नदी एकमेकींत न मिसळता शेजारी शेजारी वाहतात. धक्क्याला लागणाऱ्या मोठ्या जहाजांवरच्या प्रवाशांना होडीतून दोन पाण्यांमधली रेघ ओलांडून नेण्याआधी जांदिरा रोज होडीच्या फळीवर दोनदा टकटक करायची आणि नदीला विचारायची, "आई, येऊ का?"

"इतक्या वर्षांत आई एकदा तरी 'ये' म्हणालीय का गं?" सुकाणूवरच्या भावाने, ओसमारने, आजही चिडवलं.

होडीच्या तळाला खालून कुणीतरी दोनदा टकटक केलं.

ओसमारने इंजिन बंद करून टोपी काढली. प्रवाशांचं हसू विरलं. शेजारच्या होडीखाली टकटक झाली, मग तिच्या पलीकडच्या. पाण्यावर तरंगही नव्हता.

"ताई, आता काय करायचं?"

जांदिराला ठाऊक नव्हतं. आजवर कुणालाच उत्तर मिळालं नव्हतं.

आणि मग दूर धक्क्याला लागलेलं, आजचे प्रवासी ज्यातून आले होते ते अख्खं पांढरं जहाज चर्चच्या घंटेसारखं दोनदा घणघणलं.