मधल्या जोडावर

चौदाव्या डब्यापाशी दोघांनी रोजच्यासारखे हातमोजे काढले, हात मिळवला, आणि त्याच क्षणी दोघांच्याही लक्षात आलं की आपण माती खाल्ली.

मालगाडीला डबे अठ्ठावीस. ऑस्ट्रियातून आली होती, खिंड उतरून इटलीत जायची होती. नियम असा की हद्दीवर ऑस्ट्रियाचा तपासनीस सगळी गाडी तपासणार आणि मग इटलीचा तपासनीस तीच गाडी पहिल्यापासून पुन्हा तपासणार. ऑस्ट्रियाचा कोर्बिनियन आणि इटलीची लोरेदाना मात्र गेली अकरा वर्षं ती अर्धी अर्धी वाटून घेत. तो मागून निघायचा, ती पुढून, मध्ये भेटायचे, आणि दोघंही अठ्ठावीस डब्यांच्या यादीखाली सही ठोकून मोकळे. आज असं करायचं नाही, हे सकाळी कॉफी पिताना दोघांनी चांगलं दोनदा ठरवलं होतं. पण पायांना कोण सांगणार?

आज ब्रुसेल्सहून लॅमेन्स साहेब आले होते, हद्दीवर गाड्यांचा किती वेळ वाया जातो ते मोजायला. अंगातल्या पिवळ्या जाकिटाची घडीसुद्धा अजून मोडली नव्हती. हातात घड्याळ घेऊन ते डब्याला लागूनच उभे होते.

"उरलेले चौदा?" त्यांनी लोरेदानाला विचारलं.

कोर्बिनियन स्वतःच्या बुटांकडे बघायला लागला. त्याचं इटालियन ऐन वेळी नेहमीच दगा देतं.

"ते यानं पाहिलेत," लोरेदाना म्हणाली.

"आणि सही तुम्ही सगळ्यांवर करता?"

"करते."

साहेबांनी लिहून घेतलं. खोट्या सहीला तपासनिसाचा दाखला जातो, आणि चोपन्नाव्या वर्षी दाखला गेलेल्या बाईला या खिंडीत बर्फ उपसण्याखेरीज दुसरं काम नाही. हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिनं मान खाली घातली नाही. उलट साहेबांच्या काखेतल्या जाडजूड अहवालाकडे बोट दाखवून विचारलं, की तुम्ही जी सुधारणा आणताय म्हणता, ती आहे तरी काय.

साहेबांनी पान काढलं आणि वाचलं. "सीमास्थानकांवरील चल साठ्याच्या तांत्रिक हस्तांतरणप्रसंगीच्या द्विरुक्त पडताळणीच्या अनावश्यकतेच्या परस्परमान्यतेद्वारे आंतरप्रचालनीयतेची उत्तरोत्तर अभिवृद्धी." वाक्य संपेपर्यंत पलीकडून एक प्रवासी गाडी येऊन गेलीसुद्धा.

"म्हणजे काय हो, साहेब?"

लॅमेन्स साहेबांनी ओळ पुन्हा मनातल्या मनात वाचली. मग शब्द जुळवत सांगू लागले, की एका देशाच्या माणसानं डबा पाहिला की दुसऱ्या देशाच्या माणसानं तो पुन्हा पाहायचा नाही, पहिल्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा. बोलता बोलता ते थबकले.

हे ठरवायला किती दिवस लागले, असं तिनं विचारलं. नऊ वर्षं, आणि अजून लागू व्हायचंय, असं ते म्हणाले.

"आम्हाला एक कॉफी लागली," लोरेदाना म्हणाली.

साहेब हसले नाहीत. लागू होईपर्यंत जुनाच नियम, म्हणाले. त्यांनी घड्याळ शून्यावर आणलं. आता तिनं त्याचे चौदा डबे तपासायचे आणि त्यानं तिचे. एकाला दुसऱ्याची एक जरी चूक सापडली, तरी दोघांचेही दाखले ते सोबत घेऊन जाणार होते.

लोरेदाना हातोडी घेऊन निघाली. राग येईल असं तिला वाटलं होतं, आली ती भीती. तिनं प्रत्येक चाकावर ठोकून कान लावला, प्रत्येक स्प्रिंगवर टॉर्च मारला. एका डब्याच्या दाराची खीळ सैल असणार असं तिला लांबूनच वाटलं. जवळ गेली तर खिळीला नवी तार गुंडाळलेली, टोकं आत वळवलेली. चौदा डब्यांत तिला काहीही सापडलं नाही. तिचा ऊर अभिमानानं भरून आला, ते डबे तिनं स्वतःच आधी पाहिले असावेत तसा.

कोर्बिनियनचा मात्र पत्ता नव्हता. सहाव्या डब्याखालून त्याचे बूट तेवढे बाहेर दिसत होते. ते बराच वेळ हललेच नाहीत. तो डबा सकाळी तिनं पाहिला होता, आणि कोर्बिनियन खोटं बोलणार नव्हता, तिच्यासाठीसुद्धा नाही.

शेवटी तो बाहेर आला, कोपरापर्यंत काळा झालेला.

"डावीकडचं दुसरं चाक," तो साहेबांना म्हणाला. "ब्रेकचा ठोकळा झिजलाय. बारा मिलिमीटर उरलाय. दहापर्यंत चालतो. हिनं तिथंच खडूनं बारा लिहून ठेवलं होतं."

"मग एवढा वेळ कशाला लागला?"

"तीनदा मोजला. दोनदा बाराच आला. वाटलं, हिचा आकडा बघून मोजतोय मी. म्हणून तिसऱ्यांदा खडू पुसून मोजला. तरी बाराच."

साहेबांनी त्याच्याकडून मोजपट्टी घेतली आणि स्वतः डब्याखाली शिरले. बाहेर आले तेव्हा पिवळं जाकीट पिवळं राहिलं नव्हतं. किती आलं, ते त्यांनी सांगितलं नाही. मोजपट्टी परत दिली आणि घड्याळ खिशात टाकलं.

तेवढ्यात पुढची मालगाडी यायची घोषणा झाली. साहेब घसा खाकरून म्हणाले, की थंडी फार आहे, आपण अर्धा तास कॅन्टीनमध्ये बसतो, डोंगराकडच्या खिडकीत. कोर्बिनियनचा जीव भांड्यात पडला. तो आभार मानणारच होता, पण लोरेदाना हातमोजे चढवत आडवी आली.

"डोंगराकडे नको, साहेब. रुळांकडच्या खिडकीत बसा. तिथून गाडीचा मधला भाग नीट दिसतो."