दहा वाव पाणी

फ्लेवियाने छापील चित्र वडिलांच्या मांडीवरच्या जाळ्यावर ठेवलं.

"काय गो हे?"

"समुद्र. मनोरीच्या सरळ पश्चिमेला. उपग्रहाने वरून टिपलाय."

फ्रेडी दुसऱ्याच्या बोटीचं जाळं सांधत बसला होता. सुई दातांत धरून त्याने कागद लांबून पाहिला. लाटांच्या रेघा एकामागे एक, सरळ आलेल्या. एका जागी मात्र त्या दोन्ही बाजूंनी वाकल्या होत्या आणि पुढे एकमेकींना छेदत गेल्या होत्या.

"वारा असंल."

"तीन वर्षांची चित्रं काढून बघितली, डॅडी. दर वेळी तिथेच वाकतात. खाली काहीतरी आहे. पाणी उथळ झालं की लाट वळते."

मुलुंडच्या ऑफिसात दिवसभर ती असलीच चित्रं तपासायची. कुणाच्या सांगण्यावरून तिने ही जागा शोधली नव्हती. गुरुवारी समोर आली आणि तिचा चहा तसाच राहिला.

"तिथं दहा वाव पाणी हाय, साठ फूट," फ्रेडी म्हणाला. "नकाशात लिवलंय."

"नकाशा चुकलाय."

फ्रेडीने दातांतली सुई काढली. "जागा कुठली ही?"

"कीथने पोलिसांना सांगितली होती, तीच."

अकरा वर्षांपूर्वी सुकाणू तिच्या भावाच्या, कीथच्या हातात असताना त्यांची बोट फुटली होती. बोट कशावर तरी आपटली, असं तो सांगत राहिला. भर समुद्रात आपटायला काय आहे, पिऊन झोपला असशील, असं फ्रेडी चार माणसांत बोलला. त्यानंतर कीथ गेला तो गेलाच. आता घाटकोपरला टेम्पो चालवत होता. नाताळलाही घरी येत नसे.

"त्याला दाखवलंस?"

"नाही. आधी तुला."

फ्रेडी बराच वेळ कागदावरून अंगठा फिरवत राहिला. मग म्हणाला, "फोन लाव."

तिने लावला आणि स्पीकर चालू करून त्याच्यासमोर धरला.

"बोल गं," कीथचा आवाज आला. मागे हॉर्न वाजत होते. "हॅलो? फ्लेविया?"

"मी हाय," फ्रेडी म्हणाला.

पलीकडे टेम्पोचं इंजिन बंद झालं.

"तिथं खडक हाय, कीथ."

फ्लेवियाचा हात अवघडला, तरी तिने फोन तसाच धरून ठेवला.

"मला माहीत आहे, डॅडी."