बाहुलीची अंघोळ

लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर भावनाला मुलगी झाली, त्या वर्षीच्या मे महिन्यातली ही गोष्ट.

चौलच्या एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्या माणसांचे हातपाय हलावेत, जीव रमावा म्हणून रोज काहीतरी आखायचं, हे भावनाचं काम. बाळंतपणाची रजा संपवून ती परत आली तेव्हा तिथल्या आवडाबाईने हात पदराखाली घेतले होते. हात थरथरायचे. घास तोंडापर्यंत जाईतो अर्धा सांडायचा. दुसऱ्याने भरवलेलं ती घ्यायची नाही. मग तिने ताटच बाजूला सारायला सुरुवात केली. असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टर सांगून गेले होते.

भावनाने रंग आणले, चिंचा सोलायला आणल्या, चेंडू आणला. चेंडू बघून दारापाशी खाटेवर पडलेला कृष्णाजी म्हणाला, अंगणवाडीत नाव घातलंस काय गं आमचं, आणि तरी त्याने तो झेलला. सगळ्यांचे हात हलले. आवडाबाईचे पदराबाहेर आले नाहीत.

त्या दिवशी बाहुली होती. रबराची, खऱ्या पोराएवढी. पडवीत घमेलं ठेवलं, कोमट पाणी, तेल, डाळीचं पीठ ठेवलं. तिथल्याच चंदाबाईने खुर्चीत बसून बाहुलीला पीठ चोळलं. ही कुणावर गेली, असं कृष्णाजीने विचारलं. तुझ्यावर, टक्कल बघ की, असं चंदाबाई म्हणाली आणि सगळी पडवी हसली. भावनाने बाहुली पुसली आणि नेऊन आवडाबाईच्या मांडीवर ठेवली.

आवडाबाईने मान वर केली. कितीतरी दिवसांत ती बोलली नव्हती.

"मेल्या पोराला न्हाऊ घालताय व्हय?"

हसणं थांबलं. भावनाने बाहुली उचलली. ती कुठे ठेवावी हे तिला कळेना. तेवढ्यात आत ऑफिसात झोळीत निजवलेली तिची मुलगी रडायला लागली.

"ह्ये कोण?" आवडाबाईने विचारलं.

"माझी मुलगी, आजी."

"आण इकडं. आन् मला खाली बसव. खुर्चीवर पोर न्हात न्हाय."

नीराबाई म्हणजे आवडाबाईला उठवणारी-बसवणारी मावशी. तिने भावनाला बाजूला घेतलं. जो हात घास धरत नाही, त्यात तेल लावलेलं पोर द्यायचं, तुला वेड लागलंय का, असं ती म्हणाली. नीराबाईचं खोटं नव्हतं. पण आवडाबाईचे दोन्ही हात बाहेर आले होते. सगळ्यांच्या देखत पुढे पसरले होते आणि थरथरत होते. आता पोर आणलं नाही तर ते पुन्हा पदराखाली जातील आणि परत निघणार नाहीत, हे भावनाला दिसत होतं.

ती ऑफिसात गेली. झोळीपाशी जरा उभी राहिली. मग मुलीला घेऊन आली.

नीराबाईने कुरकुरत आवडाबाईला भिंतीला टेकवून फरशीवर बसवलं. आवडाबाईने लुगडं वर ओढलं, पाय जुळवून लांब केले. पायांवर मांस राहिलं नव्हतं. भावनाने मुलीला त्या पायांवर पालथं घातलं, आणि दोन्ही बाजूंनी धरून ठेवलं. मुलगी किंचाळत होती.

"तुझं हात काढ," आवडाबाई म्हणाली. "चार हातांत पोर भितंय."

भावनाने हात काढले आणि स्वतःच्या मांड्यांखाली दाबून धरले.

आवडाबाईचे हात थरथरायचे थांबले नाहीत. तेल घेऊन ते पोराच्या पाठीवर उतरले, मानेपासून कमरेपर्यंत गेले, पुन्हा वर आले, आणि सगळा वेळ थरथरत राहिले. कुणी हलकं हलकं थोपटावं तशी ती थरथर पोराच्या अंगात जात होती. घरी अंघोळीला आकांत करणारी मुलगी गप्प झाली. पहिला तांब्या पाठीवर पडला तेव्हा तिने मोठा श्वास सोडला. दुसऱ्याला तिचे डोळे मिटले. आवडाबाईने तिला उताणं केलं, पीठ लावून छाती चोळली, बोटं उघडून बोटांमधलं पीठ धुतलं. मुलगी झोपली होती.

नीराबाई टॉवेल घेऊन उभी होती, तो पुढे करायचं विसरली. कृष्णाजी कुणाचा हात न धरता खाटेवर उठून बसला होता, आणि ते त्याच्याही लक्षात आलं नव्हतं. चंदाबाईने हात जोडले होते.

शेवटचा तांब्या आवडाबाईने पोरावरून ओवाळला आणि अंगणाकडे फेकला. अर्धं पाणी भावनाच्या अंगावर गेलं. तिने मुलीला टॉवेलात गुंडाळून छातीशी घेतलं. भावना रडत होती.

आवडाबाई नीराबाईकडे वळली.

"न्हाणाऱ्या बाईला च्या द्यायची रीत हाय का न्हाय तुमच्यात?"

चहा आला. बशीत सांडला, लुगड्यावर सांडला. आवडाबाई सगळ्यांसमोर तो प्यायली आणि आणखी मागितला.

दुसऱ्या दिवसापासून भावना मुलीची अंघोळ घरी करीनाशी झाली.

पुढच्या वर्षी, शिमग्याच्या आदल्या दिवशी, आवडाबाई गेली. मुलगी तेव्हा चालायला लागली होती.