चौदा नंबरचं दार

दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी स्फोटकं शोधणाऱ्या पथकातला माणूस चौदा नंबरच्या दारापाशी थांबला. दारावर खूण नव्हती.

तेरावर होती, पंधरावरही होती. पांढऱ्या खडूचं वर्तुळ आणि त्यात एक आडवी रेघ. म्हणजे सगळं घर तपासलं, मागे राहिलेलं स्फोटक काही नाही, खुशाल राहा. कोपऱ्यावरच्या घराच्या वर्तुळात दोन रेघा होत्या. म्हणजे फक्त तळमजला तपासलाय, जिना चढू नका. चौदाचं दार मात्र धुऊन पुसून लख्ख होतं. कडीसुद्धा घासलेली.

"बाई, इथली खूण?"

बाई उंबऱ्याच्या आत फडकं घेऊन उभ्या होत्या. लढाईच्या आधी त्यांनी इथल्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं होतं. हा माणूस त्यातली चार वर्षं शेवटच्या बाकावर बसलेला.

"पुसली," बाई म्हणाल्या. "परत आले त्याच दिवशी. सून यायची म्हणून दार धुतलं. खडू दिसला की माझा हात थांबत नाही, तुला ठाऊक आहे."

"पुसण्याआधी तुम्ही वर्गाला विचारायचात, उतरवून घेतलं का म्हणून."

"इथे विचारायला होतं कोण?"

तो हसला नाही. "एक रेघ होती की दोन?"

बाईंनी धुतलेल्या दाराकडे पाहिलं. फडकं पिळलेलं आठवत होतं. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, फळा पुसावा तसं पुसलेलं आठवत होतं. हाताला सगळं आठवत होतं. डोळ्यांना काही नाही.

"एकच असेल."

"असेल, की होती?"

हा प्रश्न बाईंचाच. याच प्रश्नाने त्यांनी पोरांच्या दोन पिढ्या रडवल्या होत्या.

रस्त्याच्या पलीकडे सून आपल्या पत्र्याच्या पेटीवर बसली होती. सातवा महिना. चारच्या ट्रकने ती निर्वासितांच्या छावणीतून आली, तेवढ्यात पथकाच्या माणसाने तिला हात करून तिथेच थांबवलं. खूण नाही त्या घरात कोणी पाऊल टाकायचं नाही, असा नियम होता.

"आई, तुम्ही आधी बाहेर या बघू."

"अगं, नऊ रात्री मी वरच झोपतेय. व्हायचं ते केव्हाच झालं असतं. बाळंतिणीला ऊन मिळेल म्हणून वरचीच खोली केलीय तुझ्यासाठी. कानाकोपरा घासून काढलाय. एक तुझी पेटी तेवढी सोडली. खाटेखाली होती तशीच आहे, उघडलीसुद्धा नाही हो. रोज वरवर फडकं मारते, बस्स."

"कुठली पेटी?"

"तुझीच की. ती हिरवी, लोखंडी."

सून उठून उभी राहिली. ज्यावर बसली होती त्याकडे तिने बोट केलं.

"आई, माझी पेटी तर ही."

पथकातल्या माणसाने अगदी हळू विचारलं, "हलवलीत का ती?"

"एकदा. केर काढताना. पायाने जरा आत सारली."

"जड होती?"

"मला वाटलं, पोरीने बाळाच्या नावाने भांडीकुंडी भरून ठेवलीयत."

"बाई, बाहेर या. चपला राहू देत."

बाई बाहेर आल्या. अनवाणी रस्ता ओलांडून सुनेशेजारी उभ्या राहिल्या. फडकं हातातच होतं. सुनेने त्यांचं मनगट धरलं ते सोडलं नाही.

वर जाऊन बघणं त्याच्या एकट्याचं काम नव्हतं. अवजारं आणि दोन जोडीदार उद्या दुपारपर्यंत पुलावर अडकलेले. ज्याने हे घर तपासलं त्याची बदली झाली होती. त्याची वही मुख्य ठाण्यात होती. वहीत एक रेघ असेल, तर ती पेटी त्याने पाहिलेली होती, धोका नाही म्हणून सोडलेली होती. दोन असतील, तर नऊ दिवसांत बाईंशिवाय तिच्याजवळ कोणीच गेलेलं नव्हतं.

त्याने वायरलेस काढला, नंबर सांगितला आणि खिशातून खडू घेऊन दारासमोर उभा राहिला. खूण वहीवरून थेट दारावर उतरवायची, मध्ये कागद नाही आणि आठवणही नाही, अशी त्यांची रीत होती. पलीकडे कोणीतरी पानं उलटत होतं, त्याची फडफड रस्त्यापर्यंत ऐकू येत होती.

बाई या पायावरून त्या पायावर होत होत्या. "आधी तेरा काढायला सांग त्याला. त्याच्याच खाली असेल."

"बाई, गप्प बसा जरा."

हे वाक्य त्यांना आजवर कोणी म्हटलं नव्हतं. बाई गप्प बसल्या.

"सापडला, चौदा," वायरलेसमधून आवाज आला. "वर्तुळ."

त्याने वर्तुळ काढलं.

"रेघ."

त्याने रेघ ओढली. शुद्धलेखनाच्या तासाला ओढायचा तशीच, थोडी वाकडी.

मग नुसती खरखर सुरू झाली.

"पुढे?" तो म्हणाला. "संपलं, की पुढे आहे? हॅलो, पुढे काय?"

सुनेची बोटं बाईंच्या मनगटात रुतली. बाईंनी फडक्याची घट्ट गुंडाळी केली, सोडली, पुन्हा केली.

पाच वाजून दहा मिनिटांनी चौदा नंबरच्या दारावर एक वर्तुळ होतं आणि वर्तुळात एक रेघ होती. तिच्या बोटभर खाली खडू अजून दाराला टेकलेला होता.