मागचे ब्रेक

मुन्जीने केफ गावातल्या घराच्या अंगणात गाडीची मागची चाकं उतरवली आणि झिजलेले ब्रेक-लायनर बदलले. ब्रेक-तेलाच्या नळीतली हवा काढायला दोन माणसं लागतात, म्हणून त्याने झकियाला ब्रेकच्या पेडलपाशी बसवलं आणि स्वतः चाकाशी उकिडवा बसला.

“दाब. धरून ठेव. हं, आता सोड.”

“तेहतीस वर्षं नुसते हुकूम ऐकतेय,” झकिया आतून म्हणाली. “एकदा तरी ‘दमलीस का’ म्हणून विचारलंस?”

नळीतून बुडबुडे यायचे केव्हाच थांबले होते, तरी मुन्जी म्हणाला, “अजून एकदा दाब. बेजाला जायच्या रस्त्याला उतार फार आहेत.”

पायाखालचं पेडल घट्ट झालेलं तिलाही कळत होतं. पण ती दाबत राहिली.

चाकं चढवून झाल्यावर त्याने हात पुसले आणि तिच्या बॅगा एकेक करून मागच्या सीटवर ठेवल्या.



सकाळी तलाकच्या कागदावर सह्या करून कोर्टाबाहेर पडताना त्याने तिला एवढंच विनवलं होतं, “ब्रेक तेवढे करून देतो, मग जा.”