आत्यांची कुपी

कुंदाआत्यांनी बाळंतविड्यात डिंकाच्या लाडवांसोबत स्वतःची झोप काढून भरलेली कुपी आणली होती. "मला एकटीला काय करायचीय एवढी?" म्हणाल्या. शाल्मलीने ती कपाळावरच्या पट्टीला जोडली आणि बाळंतपणानंतर पहिल्यांदाच दुपारभर गाढ झोपली.

पण भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, हे तिच्या नवऱ्याच्या, ओजसच्या अंगात मुरलेलं. दोघांकडे तर द्यायला डुलकीसुद्धा उरली नव्हती. म्हणून आज सकाळी त्याने पाळण्यातल्या लेकीच्या कपाळाला पट्टी लावून तिची थोडीशी झोप कुपीत काढून घेतली आणि ती कुपी आत्यांकडे पोचवली.

तेव्हापासून लेक जी रडतेय, ती रडतेच आहे.

"चिमूटभर साखर घालायची ना रे!" तिला खांद्यावर थोपटत शाल्मली करवादली. "तिची झोप कशाला?"

ओजस लंगोट वाळत घालत राहिला.

संध्याकाळी आत्यांचा फोन आला.

"काय भरलंत गं कुपीत? जेवून पडले, तर झोपेत खुदुखुदु हसत होते म्हणे. बाळाला सटवाई हसवते तशी. कामवाली सांगून गेली."

"बरं झालं की, आत्या."



"ती गेल्यावर जाग आली ती मात्र रडतच. आवरेचना. कुणीतरी उचलून घ्यावं असं वाटत होतं गं. घरात कोण असणार?"

शाल्मलीचे डोळे मिटत होते. तिने लेकीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"आत्या, इकडेच या राहायला," ती म्हणाली. "इथे रात्रभर कुणी ना कुणी जागं असतंच."